दोरा बांधलेली फुलं

माझी बायको बेबा गेली तेव्हा वाफ्यात फुलं होती. पोळा नुकताच होऊन गेला होता. भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसायची, फुलांकडे बघून म्हणायची, "बेबाबाईच्या हाताले गुण व्हता." मी मान हलवायचो. मला त्या फुलाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

आमचं घर सावद्याच्या कडेला आहे. मागे केळीची बाग, पुढे ओटा, ओट्यापुढे बेबाचा वाफा. वाफ्याच्या एका कडेला शेवंती आणि बाकी सगळीकडे ती फुलं. विटकरी रंग, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला पिवळं, हळदीचं बोट लावावं तसं. आमची पोरगी ज्योत्स्ना लहान होती तेव्हापासून बेबा तेच फूल लावत आली. दर पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा लावायचं, दर थंडीत ते वाळून जायचं. मी तिला चिडवायचो. "याचा घड किती किलोचा येतो?" ती म्हणायची, "केळीले फूल येतं ते तुमी तोडून फेकून देता. तुमाले फुलाचं काय सांगू?" केळफूल तोडावंच लागतं, नाहीतर घड पोसत नाही.

मी केळीवाला माणूस. माझा बाप केळीवाला, त्याचा बापही. आमच्या धंद्यात बी हातात येत नाही. पूर्वी कंद लावायचो, आता तयार रोपं येतात. घड कापला की खोड कापायचं. बुंध्याजवळचं पील वाढतं आणि तीच पुढची बाग होते. कपाशी लावली तर तिचं बी दुकानातून पिशवीत येतं. एका झाडाचं बी धरायचं, ते जपायचं, पुन्हा पेरायचं, हे मी माझ्या हाताने आयुष्यात कधी केलं नाही. बेबा करायची. मी बघायचो आणि बघून विसरायचो.

त्या वर्षी श्रावणात ती वाफ्यात बसून काही झाडांना लाल दोरा बांधत होती. सगळ्यांना नाही, निवडून निवडून. मी ओट्यावर चहा पीत होतो. मला वाटलं, येणारा जाणारा फुलांना चांगलं म्हणतो, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी बांधत असेल. विचारावं असं काही वाटलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. भुसावळला नेईपर्यंत ती राहिली नाही.

मग मी एकटा. पोरगी एकच, ज्योत्स्ना. ती दोंडाईच्याला असते, जावई तिथे शाळेत शिकवतात. ती म्हणाली, "आबा, चला माह्याकडे." मी म्हटलं, बाग कोण पाहील? खरं तर बाग पाहायला माणसं होती. मला वाफा पाहायचा होता. बेबासाठी जिवंतपणी मी फार काही केलं नाही. निदान तिची फुलं मरू द्यायची नाहीत, असं मी मनाशी ठरवलं होतं.

म्हणून वाफ्यात ठिबकची एक नळी आणून टाकली. सकाळी उठलो की आधी वाफा, मग चहा. फुलं दिवाळीपर्यंत टिकली. ज्योत्स्ना दिवाळीला आली, तिने आईच्या फोटोला त्याच फुलांचा हार केला आणि भाऊबीज आटोपून परत गेली. पुढे थंडी वाढली तशी फुलं काळवंडली. पानं गेली. संक्रांतीच्या सुमाराला वाफ्यात नुसत्या वाळक्या काड्या आणि काड्यांच्या टोकाला तपकिरी बोंडं उभी होती.

बेबा दर थंडीत शेवंती कापायची, हे मी पाहिलेलं होतं. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायची, आणि मग मुळाशी नवे फुटवे यायचे. आमच्या केळीसारखंच. मला ते पटलेलं होतं. मी कोयता आणला आणि शेवंती कापली तशीच बाकीची सगळी झाडंही कापली. चार बोटं ठेवून, एका ओळीत, नीट. कापायच्या आधी लाल दोरे मात्र एकेक करून सोडले आणि तुळशीच्या बुडाशी ठेवले. बायकोच्या हाताचे दोरे, त्यांच्यावर कोयता चालवायचा नाही एवढी अक्कल मला होती.

वाळक्या काड्या बंबात घातल्या. चांगल्या पेटल्या. दोन-तीन सकाळी माझ्या अंघोळीचं पाणी त्यांवर तापलं.

मग मी पिलं फुटायची वाट पाहू लागलो. शेवंतीला महिन्याभरात फुटवे आले. मला आनंद झाला. मी म्हटलं, हिची आली, आता त्यांची येतील. केळीचं पील बुंध्याला लागून येतं, म्हणून मी रोज त्या कापलेल्या ठुड्यांच्या बुडाशी बघायचो. ठुड्यांना काही येत नव्हतं. मधल्या मोकळ्या जागेत मात्र पाण्यामुळे तण उगवत होतं. दोन पानांचं, चार पानांचं, बारीक बारीक. ते मी रोज संध्याकाळी बसून उपटायचो. माझ्या बागेत तण दिसत नाही, ही पंचक्रोशीत माझी ओळख आहे. बेबाच्या वाफ्यात मी ते कसं राहू देणार?

चुडामण आमचा शेजारचा शेतकरी, त्याचा बांध माझ्या बांधाला लागून. तो येता जाता थांबायचा. एकदा म्हणाला, "तोताराम भाऊ, वाफा शे का आरसा? तोंड पाहून घेऊ का याच्यात?"

"पाय ना," मी म्हटलं. "पण तोंड धुऊन ये पहिले."

मला बरं वाटलं होतं. बेबा असती तर तिलाही बरं वाटलं असतं, असं मनात आलं होतं.

होळी झाल्यावर ज्योत्स्नाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "आबा, आईचं बी नीट ठेवलं ना? उंदरं लागतील, डबीत ठेवजा."

"कसाचं बी?"

"फुलाचं, आबा. आईनं दोरे बांधले व्हते ना, त्याच झाडांचं येगळं ठेवायचं. दरवर्षी मी मागायची अन् ती म्हणायची, अजून रंग फाटतो, एखादं गुलाबी निंघतं, पक्कं झालं की देईन. मागच्या श्रावणात तिनं सोताहून फोन केला. म्हणे, ज्योती, यंदा पक्कं झालं. तुह्यासाठी दोरे बांधले. आखाजीले ये अन् घेऊन जा."

माझ्या हातात फोन होता आणि डोळ्यांपुढे बंब.

"आबा? ऐकू राहिले ना?"

"हो."

"ठेवलंय ना?"

"ठेवलंय," मी म्हटलं.

तोंडातून गेलं. कुणी काही लुटून नेणार नव्हतं. पोरगी ओरडली असती, रडली असती, बस. पण तिचा आवाज इतका खूश होता की मला 'नाही' म्हणता आलं नाही. ती म्हणाली, "मले माहीतच व्हतं, तुमी ठेवलं असेल." आणि फोन ठेवला.

मी वाफ्यात गेलो. एका ठुड्याला नखाने खरवडलं. आतून तपकिरी, कोरडं. हाताने ओढलं तर अलगद वर आलं. त्याच्या मुळांत कधीचाच जीव नव्हता. मी दोन महिने वाळक्या काडक्यांना पाणी देत होतो.

खोटं बोललो म्हणजे ते निभावणं आलं. सावद्यात दुकानं आहेत, पण तिथे मला सगळे ओळखतात. म्हणून मी एसटीने जळगावला गेलो. बियाण्याच्या दुकानात पोराला सांगितलं, असं असं फूल, गोल, पाकळीवर पाकळी, दांडा सरळ, पान खरखरीत. तो म्हणाला, "काका, झिनिया म्हणताय तुम्ही." त्याने पाकीट पुढे ठेवलं. इतकी वर्षं घरापुढे असलेल्या फुलाचं नाव मला त्या दिवशी कळलं.

पाकिटावर गुलाबी, जांभळी, पांढरी, लाल, सगळ्या रंगांची फुलं होती.

"विटकरी नाही का एकटं? टोकाला पिवळं असलेलं?"

"मिक्स येतं काका. निघालं तर निघेल त्यात."

मी दोन पाकिटं घेतली. घरी येऊन बी काढलं आणि बेबाच्या हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत भरलं. पाकिटं बंबात घातली. डबीचं झाकण लावलं तेव्हा हात चोराचे वाटले. मी स्वतःला समजावलं, फूल तर तेच आहे. पोरगी पेरेल, फुलं येतील, रंग थोडा इकडे तिकडे झाला तर म्हणेल आईच म्हणायची, रंग फाटतो. बेबाने खरं सांगितलेलं होतं, ते मी माझ्या खोट्याला टेकू म्हणून वापरायला निघालो होतो.

त्याच दिवसांत मी वाफा साफ केला. ठुडे काढून टाकले. मधलं तण तर मुळासकट खुरपून काढलं, माती खणून भुसभुशीत केली. ज्योत्स्ना आखाजीला येईल तेव्हा वाफा असा दिसला पाहिजे की आबाने खरंच सगळं नीट ठेवलंय. होळीच्या आसपास केळीच्या कापणीत काही दिवस तण उपटायचं राहिलं होतं, म्हणून त्यात काही रोपं वीतभर झाली होती. ती मी विशेष लक्ष देऊन उपटली.

केळीची रोपं घ्यायची तर मी आधी दोन-चार लावून पाहतो, फसवणूक तर नाही ना म्हणून. तीच सवय. दुकानाचं बी उगवतं का बघायला मी तेलाचा एक पत्र्याचा डबा आडवा कापला, माती भरली, चिमूटभर बी टाकलं. आठवडाभरात उगवलं. दोन गोल पानं आली. मी खूश झालो. मग आणखी चार-पाच दिवसांनी त्यांमधून खरी पानं निघाली. समोरासमोर, दांड्याला चिकटलेली, हात लावला की खरखरीत.

मी डब्यापुढे बसलो होतो तो बसूनच राहिलो.

ती पानं माझ्या बोटांना माहीत होती. संक्रांतीपासून मी रोज संध्याकाळी तीच पानं चिमटीत धरून उपटत होतो. बेबाच्या फुलांतून पडलेलं बी, तिच्या दोऱ्याच्या झाडांखालचं, माझ्याच पाण्यावर उगवलं होतं. मी शोधत होतो ते माझ्या पायाशी होतं. आणि मी ते ओळीने काढून, झटकून, बांधावर उन्हात वाळायला फेकत होतो.

पलीकडच्या घरची ताजबी कुंपणाशी आली. तिची आणि बेबाची जुनी मैत्री. तिच्या मुलाचं, जब्बारचं, गाद्यांचं दुकान आहे. तिने डबा पाहिला.

"भाऊ, बेबाचं बी उगवलं का?"

मी काहीतरी हं केलं.

"मी पायत व्हती ना तुमाले," ती म्हणाली. "वाफ्यात किती उगवलं व्हतं, अन् तुमी रोज बसून विरळ करत व्हते. मी शाझियाले म्हटलं, पाय, भाऊ फुलाची शेती शिकले. बेबा बी इतकी बारीक विरळणी नव्हती करत."

शाझिया तिची सून. त्या दोघी माझं कौतुक करत होत्या.

"तू मले काहून नाई बोलली?" मी विचारलं.

"काय बोलणार? शेतकरी तुमी, मी का?"

मी उठून घरात गेलो. त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन पाहिलं. फेकलेलं सगळं वाळून भुगा झालं होतं, त्यात हाताला लागेल असं काही उरलं नव्हतं. वाफ्यात पाहिलं तर माझ्या खुरप्याने काहीच सोडलेलं नव्हतं. मी कामात कच्चा कधीच नव्हतो.

ज्योत्स्नाला फोन करावा असं रोज वाटायचं. रोज मी फोन हातात घ्यायचो. ती उचलायची, बोलायची, मी पाऊस-पाण्याचं, केळीच्या भावाचं बोलायचो. एकदा तिनेच विचारलं, "आबा, तुमचा आवाज असा काहून शे?" मी म्हटलं, "ऊन लागलं असेल."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. लेकी माहेरी येतात तो सण. गल्लीत झोके बांधले होते, पोरींची गाणी चालली होती. ज्योत्स्ना आदल्या दिवशी आली. पिशवी ठेवायच्या आधी ती वाफ्याकडे गेली.

"बाप्पा, किती साफ ठेवलंय आबा! आई म्हणायची, तुह्या आबाले फक्त केळी दिसते. तिले दाखवायले पायजे व्हतं."

मी पाणी आणायला आत गेलो.

तिने खापरावरच्या पोळ्यांची तयारी केली, रस केला, कुरडया तळल्या. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर करा म्हणजे छोटं मडकं, कऱ्यावर खरबूज, आंबे, सांजोरी. मेलेल्या माणसाला उन्हाळ्यात पाणी आणि त्याच्या आवडीचं पोचावं म्हणून. बेबाच्या नावाची ही पहिली घागर होती. मी पाट मांडला, घागर ठेवली, पाणी भरलं. ज्योत्स्नाने वरती सगळं मांडलं. मग ती उठून गेली आणि परत आली ती बेबाची डबी घेऊन. देवघरात मी ठेवली होती, तिथून तिने स्वतःच काढली.

झाकण उघडून तिने बी तळहातावर घेतलं. बोटाने हलवलं. तिचे डोळे भरले.

"आईचा हात याले लागला शे, आबा."

मी बघत होतो.

"याच्यातलं थोडं घागरीजवळ ठेवते. आईले पोचू दे. तिले कळेल मले मिळालं म्हणून." आणि ती घागरीपुढच्या केळीच्या पानावर बी ठेवायला वाकली.

पोरीला फसवायचं मी ठरवलेलं होतं. तेवढी माझी तयारी झाली होती. पण दुकानातलं बी बेबाच्या घागरीपुढे ठेवायचं आणि तिला सांगायचं की हे तुझं, हे माझ्याच्याने होईना.

"ठेवू नको," मी म्हटलं.

"काहून?"

"ते तिचं नाई."

ती तशीच वाकलेली राहिली. "मंग कोनाचं?"

"दुकानाचं. जळगावहून आणलं."

"अन् आईचं?"

"जाळलं."

मग मी सगळं सांगितलं. पिलांची वाट पाहिली ते, कोयता, बंब. दोरे तुळशीशी ठेवले ते. शेवटी तण सांगितलं. तेलाचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, असं होतं ते, असंच.

तिने डब्यातलं एक पान बोटाने चोळलं. बाहेर झोक्यावरच्या पोरी ओरडत होत्या.

"कापलं ते मी समजू शकते," ती म्हणाली. "तुमी केळीवाले. तुमाले नव्हतं माहीत. अंघोळीले जाळलं तेबी समजू शकते."

मी मान खाली घातली.

"होळीले मी फोन केला तवा वाफ्यात ते तण व्हतं का?"

"व्हतं."

"अन् मंग?"

"मंग साफ केलं. तू येणार म्हणून."

"आबा, त्या दिवशी तुमी खरं बोलले असते ना, तर मी पहिलं तेच विचारलं असतं. खाली पडलेलं काही उगवलं का, पाहा. हात लावू नका. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असती." तिचा आवाज चढला. "चुकीनं नाई मेलं ते! चुकीतून वाचलं व्हतं! तुमच्या 'ठेवलंय' नं मेलं!"

हे माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. इतके दिवस मी मला अडाणी म्हणून दोष देत होतो. अडाणी असण्यात एक आसरा असतो. तिने तो काढून घेतला आणि बरोबर काढून घेतला. होळीच्या त्या फोनच्या दिवशी वाफ्यात वीतभर रोपं होती. मी पोरीशी खोटं बोललो आणि ते खोटं खरं दिसावं म्हणून ती उपटली.

"चुकलं," मी म्हटलं.

"मले म्हनू नका. तिले म्हना." तिने घागरीकडे बोट केलं.

मी घागरीपुढे बसलो. विस्तवावर आगारीचा घास टाकला, तिच्या नावाने पाणी सोडलं. तोंडाने काही बोललो नाही. ज्योत्स्ना वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. आखाजीला लेक चार दिवस राहते. ती एकच रात्र राहिली. डबी तिने जागच्या जागी ठेवली होती, बी त्यातच.

"ते दुकानाचं कोनाले बी देऊन टाका. मले नको." मग वाफ्याजवळ थांबून म्हणाली, "याले आता हात लावायचा नाई. खुरपं नाई, काही नाई. नुसतं पाणी. मातीत एखादं बी खोल राहिलं असेल तर पावसात येईल. जे येईल ते येऊ द्या."

"मले आता रोप ओळखता येतं. बाकीचं तण काढत जाईन."

"नाई," ती म्हणाली. "काहीच काढायचं नाई."

तिचं बरोबर होतं. रोप मला ओळखता येत होतं, पण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

दुकानाचं बी मी ताजबीला दिलं. डब्यातली रोपंही तिलाच दिली. कुठून आणलं, का आणलं, तेही सांगितलं. विरळणीचंही सांगितलं. तिने तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "या अल्ला. अन् मी तुमची तारीफ करत व्हती."

मृग लागला, पाऊस आला, आणि वाफा भरून गेला. घोळ, रानमाठ, केना, आघाडा, लव्हाळा. माझ्या बागेत तण नाही आणि माझ्या दारात तणाचं रान. चुडामण रोज थांबून बघायचा.

"भाऊ, आरसा फुटला वाटते."

"फुटला."

"गाजरगवत बी निंघालं शे त्याच्यात. फुलावर आलं तर उडून माह्या शेतात येईल. काढून टाकू का? मी काढतो."

"हात लावशील तर याद राख," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग मला वाईट वाटलं. मी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि सगळी हकीकत सांगितली. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "माह्या घरीबी हिनं काय काय लावलेलं शे. मलेबी त्याच्यातलं काही समजत नाई." आणि चहा संपवून लवकर घरी गेला. त्यानंतर गाजरगवताला फूल यायच्या आधी मी त्याचे शेंडे तेवढे कात्रीने छाटतो. उपटत नाही. बुडाशी काय असेल सांगता येत नाही.

रोज सकाळी मी उकिडवा बसून एकेक रोप पाहतो. समोरासमोर पान आहे का, हाताला खरखरीत लागतं का. गुडघे दुखतात. बेबाचेही दुखायचे, आणि ती या वाफ्यात बसायची तेव्हा मी ओट्यावरून म्हणायचो, "कसाले बसते मातीत?"

ज्योत्स्ना रविवारी फोन करते. आखाजीनंतर काही दिवस केला नव्हता. पाऊस लागल्यावर पुन्हा करायला लागली. आधी बाकीचं बोलत नाही. आधी वाफा.

या पोळ्याला बेबाला वर्ष होईल. ताजबीच्या अंगणात दुकानाची फुलं फुलली आहेत, गुलाबी, जांभळी, एक पांढरं. परवा ती कुंपणाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, एक विटकरी निंघालं. मुळासकट काढून देते. तुमच्या वाफ्यात लावून टाका. पोरगी वर्षश्राद्धाले येईल, पाहील, तिचं मन राहील. मी कोनाले सांगत नाई."

मी कुंपण ओलांडून बघायला गेलो. विटकरीच होतं. उंची तीच, पान तेच. पाकळीच्या टोकाला मात्र पिवळं नव्हतं. ज्योत्स्ना अंगणात येते, वाफ्यात वाकते आणि तिला ते दिसतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिचा चेहराही दिसत होता. होळीच्या फोनवर तिचा आवाज जसा होता, तसा चेहरा.

"राहू दे," मी ताजबीला म्हटलं. "तुह्याच अंगणात बरं शे."

काल रविवार होता. फोन आला.

"आबा, काय आलं?"

"घोळ शे. माठ. आघाडा गुडघ्याइतका झाला. एक एरंड बी निंघाला."

"अन् ते?"

"नाई."

"बारीक पाहिलं?"

"रोज पाहतो. नाई आलं."

"खरं?"

आता ती माझ्या प्रत्येक गोष्टीवर खरं का विचारते. जेवलो म्हटलं तरी, गोळी घेतली म्हटलं तरी.

"खरं," मी म्हटलं. "ताजबीकडे आली फुलं. एक विटकरी बी आलं. तिनं म्हटलं आपल्या वाफ्यात लावून देते."

"मंग?"

"मी नाई म्हटलं. टोक पिवळं नाई त्याचं."

पलीकडे ती रडत होती की नुसती बसली होती, मला कळलं नाही. मग म्हणाली, "पाऊस शे का तिकडं?"

"आठवडा झाला, उघडीप शे."

"वाफ्याले पाणी दिलं आज?"

दिलं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं.

"नाई दिलं," मी म्हटलं. "फोन ठेव, देतो."